दोन्ही खांदे सारखे

हिमायतनगरच्या त्या एक्स-रे सेंटरात सकाळी आठला गेलं तरी टोकन सत्तावीस नंबरचं मिळतं. मग बसा. खुर्च्या लोखंडी, भोकाभोकांच्या, एकमेकींना जोडलेल्या. एक माणूस उठला की पाच जण हलतात. भिंतीवरच्या टीव्हीत तेलुगू बायका आवाज न करता भांडत असतात. महिन्याभरात मी तिथं तीनदा जाऊन बसले. तिसरी शिकलेली बाई मी. सही करते, पंचांग वाचते, झालं. पण आता खांद्यात कुठलं हाड कुठं असतं ते मला कुणी झोपेतून उठवून विचारावं.

खांदा आमच्या ह्यांचा. डावा.

आमचं घर मूळचं उदगीरकडचं. सासऱ्यांनी निजामाच्या काळात अफझलगंजला भुसाराचं दुकान टाकलं, तेव्हापासून आम्ही हैदराबादचे. दुकान आता माझा मुलगा कुलदीप बघतो. हिम्मतरावांना, म्हणजे ह्यांना, तिथं कुणी काम सांगत नाही. तरी हे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी रोज अकराला विद्यानगरहून बस धरणार, दुकानात जाऊन तूरडाळ मुठीत घेऊन बघणार आणि चारला परत येणार. मी कधी अडवलं नाही. पुरुष दिवसभर घरात बसला की बाईचं आयुष्य कमी होतं.

खांदा दुखावला त्या दिवशी मुसी नदीला मोठं पाणी येऊन गेल्याला आठवडा झाला होता. काठच्या भिंतींवर गाळाची रेघ अजून वाळली नव्हती. हे दुकानातून निघाले ते बस-थांब्याला न जाता नदीकडं गेले. का गेले ते विचारू नका, मीही विचारून थकले. एका केळीवाल्यानं त्यांना रिक्षात घालून दुकानात आणून सोडलं. तो कुलदीपला म्हणाला, साब कठड्यावर वाकून उभे होते, एक हात खाली सोडून. मग झटका बसल्यागत कठड्यावर आपटले. खांद्यावरच.

संध्याकाळी मी विचारलं, "खाली काय बघत होता?"

"कुणीतरी हात मागत होतं."

"कोण?"

"दिसलं नाही गं. हात दिला मी."

"खाली गाळ आहे नुसता. म्हशीनं मागितला का हात?"

हे हसले नाहीत. एरवी माझ्या बोलण्यावर हसतात, पन्नास वर्षं हसत आलेत.

आता अडचण काय होती ते सांगते. गेल्या वर्षी ह्यांच्या हृदयात दोन स्टेंट टाकलेत. हृदयाचा डॉक्टर स्पष्ट म्हणाला होता की यांना पूर्ण भूल द्यायची वेळ येऊ देऊ नका, हृदय सोसणार नाही. आणि खांद्याचं असं, की गळ्याखालचं आडवं हाड आणि त्याच्या खाली पात्याचं एक वाकडं टोक असतं. डॉक्टर त्याला कावळ्याची चोच म्हणतात. त्या हाडात आणि त्या चोचीत किती फट आहे ते एक्स-रेवर मोजतात. उजव्या, चांगल्या खांद्याची फट मोजायची, डाव्याची मोजायची, आणि दोन्ही ताडून बघायच्या. डावी उजव्याच्या दुपटीच्या आत असली तर झोळीत हात ठेवून सहा आठवडे काढायचे. दुपटीला पोचली तर ऑपरेशन. म्हणजे भूल.

म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव चार-पाच मिलिमीटरवर येऊन थांबला होता.

उजव्या खांद्याची फट नऊ आली. त्यात कुणाचं दुमत नव्हतं. डाव्याची पहिल्या डॉक्टरनं चौदा सांगितली. सेंटरच्या छापील कागदावर सोळा होती. मोठ्या डॉक्टरीणबाई स्वर्णलता यांनी तीच फिल्म उजेडावर धरली, पट्टी लावली आणि म्हणाल्या, अठरा.

"एकच फिल्म ना ही?" मी विचारलं.

"एकच, अम्मा. हाडाच्या कुठल्या कडेवर पट्टी धरायची, यात थोडं इकडंतिकडं होतं. पेशंट ताठ उभा होता का, एक्स-रेची नळी सरळ होती का, त्यावरही असतं."

घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, यावर लोकांनी पेपर लिहिलेत. एकच फिल्म तीन डॉक्टरांनी मोजली की तीन आकडे येतात." शिल्पा पुण्याची. कंपनीचं काम घरातनंच करते, कानात ते बोंडुक घालून. हुशार आहे, फक्त वरणाला फोडणी देताना तिला फोन येतो.

"मग इतकं शिकून केलं काय त्यांनी?"

"आई, असं नसतं ना."

असंच असतं, मला ठाऊक आहे. उगाच डॉक्टरांना नावं ठेवायची नाहीत मला. गावाकडं आमच्या खळ्यावर रास मोजायला मी बसायची. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, मग दोन, तीन. तीच रास माझी जाऊ मोजायची तर दोन पायल्या जास्त भरायची, कारण तिचा हात हलका, ती मापावर शीग चढवायचीच नाही. माप भरणाऱ्याच्या हातावर असतं. पण माझ्या हाताची रास दुसऱ्यांदा मोजली तरी तेवढीच यायची. सासरे चारचौघांत सांगायचे. त्यामुळं मी ठरवलं, माझ्या माणसाचं माप मीच घेणार.

शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. ह्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, झोळी काढली, दोन्ही हात मोकळे सोडायला लावले. खांद्याच्या टोकापासून मधल्या बोटाच्या नखापर्यंत दोरा धरून गाठ मारली. उजव्याचा एक, डाव्याचा एक. डावा दोन बोटं लांब.

यात नवल काही नाही. खांदा निखळला की हात लोंबतोच.

पण डाव्या हाताचा तळवा मला आवडला नाही. गार होता आणि बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली, तासभर धुणं धुतल्यावर होते तशी. "पाण्यात हात घातला होता का?" मी विचारलं. नाही म्हणाले. दिवसभर हात झोळीत होता, पाण्याजवळ गेलाच नव्हता. मी पदरानं पुसला. पदराला गाळाचा वास आला, हे मी कुणाला बोलले नाही.

मग झोळीची गाठ सुटायला लागली. मी गाठ मारते ती सुटत नाही. दुकानातली पोती मी शिवलीत. पण सकाळी बघावं तर झोळी मोकळी, हात पलंगाच्या कडेवरून खाली सरळ ताणलेला, आणि गाठीचं कापड ओलं. "कोण सोडतं?" विचारलं की हे म्हणायचे, "जड होतो गं हात. फार जड होतो."

तीन आकड्यांचा तिढा सोडवायला डॉक्टरीणबाईंनी वजनाचे एक्स-रे सांगितले. आधी मोकळ्या हातांचा, मग दोन्ही मनगटांना पाच-पाच किलो बांधून. बंध खरंच तुटले असतील तर वजनानं फट वाढते, मग संशय राहत नाही.

दुसऱ्यांदा टोकन घेऊन बसलो. तिथला फोटो काढणारा मोईनभाई म्हणून, पिकल्या दाढीचा, सावकाश माणूस. हे चक्कर येऊन पडतील म्हणून मला आत थांबू दिलं, अंगावर तो शिशाचा जड एप्रन घातला. खोली थंडगार. भिंतीला काळी पाटी, तिच्यासमोर फरशीवर पाय ठेवायला पिवळी रेघ.

"वजन हातात देणार का?" मी विचारलं.

"नक्को अम्मा. हातात दिलं की माणूस मूठ आवळतो, खांदा उचलतो, माप खोटं येतं. मनगटाला बांधायचं. हात सुस्त पाहिजे."

पहिला मोकळ्या हातांचा काढला. मोईनभाई काचेमागं गेला, आला, परत गेला. मग दारातून मान काढून म्हणाला, "अम्मा, साब का हात कौन पकड रहें?"

मी दाराजवळ होते. ह्यांच्यापासून सहा हात लांब.

"कुणी नाही."

"नीचे खींच रहें कोई, वैसा आया." त्यानं ह्यांच्या डाव्या हाताकडं बघितलं. मीही बघितलं. हात सरळ खाली होता. उजवा हात कोपरात थोडा वाकलेला होता, माणसाचा असतो तसा. डावा नव्हता.

परत काढला. तसाच आला. अठरा.

मग वजनं बांधली. वाळूच्या पिशव्या, पट्ट्याच्या. डाव्या मनगटाला पट्टा आवळला आणि हे एकदम मोठ्यानं श्वास सोडून म्हणाले, "हं. आता बरं वाटलं." चेहरा उतरला होता तो सैल झाला. पाच किलो वजन लटकलेलं असताना.

तो एक्स-रे आला तेव्हा मोईनभाई काचेमागून बराच वेळ बाहेर आला नाही. वजनासकट डाव्याची फट नऊ होती. उजव्याएवढी. निरोगी माणसाची असते तशी.

त्यानं वजन काढलं. मी ह्यांचा चेहरा बघत होते. पट्टा सुटला, आणि हे डावीकडं कलले. हळू नाही. कुणी लटकावं तसे.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या आणि मोईनभाईला फोनवर झापलं. वजनाची चिठ्ठी बिनवजनाच्या फिल्मवर लावलीस म्हणून. "उलटं कधी होत नाही, अम्मा. वजन बांधल्यावर फट मिटलेली मी तीस वर्षांत बघितली नाही. चिठ्ठ्या बदलल्यात."

"नाही बदलल्या. मी आत होते."

"तुम्ही घाबरलेल्या होता."

"मी कशाला घाबरू? मी भुसाराच्या दुकानात उंदीर चपलेनं मारलेत."

कुलदीपनं माझ्या हाताला धरलं. "आई, डॉक्टरांना कळतं ना." त्यांच्या हिशेबानं वजनानं फट अठरावर जात होती, म्हणजे बंध पार तुटलेले. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. भुलेचा डॉक्टर ह्यांची फाईल उलटीसुलटी बघून म्हणाला, धोका आहे, सही लागेल. कुलदीपनं पेन घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. आमच्या घरात मला विचारल्याशिवाय फ्रीजसुद्धा आला नाही. मी मान हलवली नाही, पण पेनही हिसकावलं नाही. सोमवार होता. मी फार दमले होते.

मंगळवारी सकाळी कुलदीपला मी दुकानातलं दोन किलोचं जुनं लोखंडी माप आणायला लावलं. कशाला ते सांगितलं नाही. तो गेल्यावर ह्यांच्या डाव्या मनगटाला पंच्यात बांधून खाली सोडलं. हे म्हणाले, "हं." आणि बसल्या जागी झोपले. महिन्यात पहिल्यांदा घोरले. मी दोरा लावून बघितला. दोन्ही हात सारखे.

तासाभरात खांदा लाल होऊन सुजला. तुटलेल्या जागेवर वजन, दुसरं काय होणार. माप सोडलं. सोडल्या सोडल्या हात ताणला गेला आणि हे झोपेतच कण्हले.

म्हणजे वजन बांधलं तर खांदा जाणार, आणि नाही बांधलं तर.

मग मी त्यांचा हात माझ्या हातात घेऊन बसले. ओढायचा नाही, नुसता धरायचा, तळव्याला तळवा लावून. तेवढ्यानंही चालत होतं. माझा हात आत असला की त्यांचा खांदा जागेवर यायचा. मी जेवायला उठले की जायचा. शिल्पा दारातून बघून म्हणाली, "किती गोड, आई," आणि फोटो काढला.

मंगळवार गेला. बुधवारची दुपार आली. माझा हात कोपरापर्यंत मेला होता. पाठ नव्हतीच. बाहेर भांडीवाला ओरडत होता, शिल्पा आतल्या खोलीत इंग्रजीत कुणाला तरी समजावत होती, हे डोळे मिटून पडले होते. उद्या सकाळी सातला भरती. मी पाणी प्यायला हात सोडला.

सोडताना कळलं. माझी बोटं निघायच्या आधीच त्यांचा तळवा दबला. अंगठ्याखाली. बोट रुतावं तशी चार लहान खळगी पडली आणि पडून राहिली.

मी ओरडले नाही. मला राग आला.

मी त्या पलंगाच्या कडेकडं बघून म्हणाले, "लाज नाही का? म्हाताऱ्या माणसाला लटकायचं? एका बाजूनं ओढून ओढून तू ह्यांना उद्या त्या टेबलावर घालणार. एवढीच हौस असेल तर दुसरा हात मोकळा आहे. आण आणखी कुणाला तरी. निदान दोन्हीकडं माप तरी सारखं येईल."

बोलून गेले. माझी जीभ तशीच आहे, आयुष्यभर लोक सांगत आलेत.

पाणी पिऊन आले तर हे जागे होते. उजवा हात उचलून बघत होते.

"काय झालं?"

"काही नाही," हे म्हणाले. "गार लागलं."

तिथंच मी कुलदीपला फोन लावला. म्हणलं, उद्या भरती करण्याआधी एक एक्स-रे आणखी काढायचा. काढल्याशिवाय मी ह्यांना घराबाहेर नेऊ देणार नाही. तो चिडला, म्हणाला, "आई, तू डॉक्टर आहेस का?" मी म्हणलं, "तुझ्या बापाची बायको आहे." डॉक्टरीणबाईंनी कटकट नको म्हणून हो म्हणलं.

गुरुवारी सकाळी तिसऱ्यांदा बसलो. या वेळी टोकन नव्हतं, मोईनभाईनं आधीच आत घेतलं. मी एप्रन घालून दाराशी उभी राहिले. हे पिवळ्या रेघेवर उभे राहिले. दोन्ही हात खाली. दोन्ही सरळ.

मोईनभाई काचेमागं गेला. मग माझ्याजवळ आला आणि हळू म्हणाला, "अम्मा, दोनो बाजू एकसरखे आए."

"किती?"

त्यानं आधी ह्यांच्या डाव्या खांद्याकडं बोट केलं, मग उजव्या.

"उन्नीस. इधर भी उन्नीस. उधर भी."

उजवा नऊ होता. सगळ्यांच्या मापात, नेहमी, नऊ.

"मैं नळी नहीं हलाया अम्मा," तो म्हणाला. "उसीच रेघ पे खडा किया. अल्ला कसम."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर लावली. पट्टी लावली. परत लावली. मग पहिल्यांदाच हसल्या. "बघा. फरक शून्य. म्हणजे मागच्या वेळी चिठ्ठ्यांचाच घोळ होता, अठराची फिल्म दुसऱ्याच कुणाची असणार. ऑपरेशन लागणार नाही."

"उजवा नऊ होता," मी म्हणाले.

"अम्मा, पेशंट पाटीपासून वीतभर लांब उभा राहिला की सगळं मोठं दिसतं. आकडा फुगतो. म्हणून नुसत्या आकड्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून बघायच्या. त्या सारख्या आहेत ना?"

"सारख्या आहेत."

"मग झालं."

कुलदीपनं डोळे पुसले. घरी शिल्पाला फोन करून सांगितलं. भुलेच्या डॉक्टरनं तो सहीचा कागद फाडून टोपलीत टाकला, ते मी बघितलं. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर काय सांगितलं असतं? आणि ऐकून त्यांनी काय केलं असतं? दोन्ही खांदे उघडले असते. ह्यांचं हृदय एकालाच सोसणार नव्हतं.

मी गप्प बसले. खांद्यानं माणूस मरत नाही, असं मनाशी म्हणाले.

बाहेर ऊन पडलं होतं. हे माझ्यापुढं चालत होते, सावकाश, बारीक बारीक पावलं टाकत. लहान पोरांच्या चालीनं चालावं तसं. जिन्याच्या तीन पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीवर थांबले. दोन्ही तळवे थोडे मागं वळलेले. फुटपाथवर एक बाई समोरून आली तर हे बाजूला झाले नाहीत, तिलाच रस्त्यावर उतरावं लागलं.

"बाबा एकदम ताठ चालायला लागले," कुलदीप म्हणाला.

त्यानं गाडी आणली. नवी आहे, दिवाळीत घेतली. तिच्यात हे नेहमी पुढं बसतात, कुलदीपला रस्ता सांगत, आणि मी मागं. मी मागचं दार उघडलं. हे आधीच आत होते. मागच्या सीटवर, बरोबर मधोमध, हात दोन्हीकडं सीटवर सोडून.

"सरका," मी म्हणाले.

"इथं जागा नाही. तू पुढं बस."

पन्नास वर्षांत ह्यांनी मला कुठं बसायचं ते सांगितलं नव्हतं.

मी पुढं बसले. कुलदीपनं पट्टा लावला, माझा लावून दिला, गाडी सुरू केली. गाडी पीं-पीं वाजायला लागली. मागं कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते ती.

कुलदीप आरशात न बघताच म्हणाला, "बाबा, पट्टा लावा ना मागचा."

"मी माझा लावलाय," हे म्हणाले.

गाडी वाजत राहिली.